राष्ट्रपतिपदाचा उंबरठा

सरकारी कचेरीत शिपायाची एक जागा भरावयाची असली, तरी तिच्या जाहिरातीत शैक्षणिक पात्रता, वयाची कमाल मर्यादा, जन्मतारखेचा दाखला, रहिवासाचा दाखला अशी आठ-दहा कलमे असतात. लिपिकाला टंकलेखनाची परीक्षा द्यावी लागते. शाळेतील शिक्षकाला पदवीच्या जोडीला अध्यापनाची पदविका किंवा पदवी लागते. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला तर पदव्युत्तर पदवीशिवाय कोणी दारातही उभे करीत नाही. आणि ज्या प्रजासत्ताकात हे सारे नियम चालतात, त्याच्या सर्वोच्च पदासाठी घटनेने काय मागितले आहे? भारताचे नागरिकत्व, वयाची पस्तीस वर्षे पूर्ण झालेली असणे, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता, आणि शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे पद धारण केलेले नसणे. ५८ व्या कलमात याहून अधिक काही नाही.

वरवर पाहता ही विसंगती डोळ्यांत खुपणारी आहे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली, की शिक्षकांच्या खोलीत आणि कचेऱ्यांच्या मधल्या सुटीत तीच चर्चा नव्याने सुरू होते. राष्ट्रपती निदान पदवीधर असावा, तो जन्मानेच भारतीय असावा, त्याच्या वयाला वरची मर्यादा असावी, अशा सूचना पुढे येतात. या सूचनांमागील कळकळ खोटी नाही. परंतु पात्रतेची अट ही वस्तू मुळात काय करते, याचा विचार केल्यावाचून तिची मागणी करणे म्हणजे रोगाचे निदान न करता औषधाची पुडी बांधून घेण्यासारखे आहे.

शिपायाची किंवा शिक्षकाची निवड एखादा अधिकारी किंवा एखादी समिती करते. त्यांनी आपला भाचा-पुतण्या आत घेऊ नये, म्हणून तेथे नियमांचे कुंपण घालावे लागते. अट तेथे निवडणाऱ्याच्या मनमानीला आवर घालते. निवडणुकीत प्रकार वेगळा असतो. तेथे निवड करणारे मतदार असतात, आणि पात्रतेची प्रत्येक अट मत पडण्यापूर्वीच त्यांना बजावते, की अमुक प्रकारचा मनुष्य तुम्हाला कितीही योग्य वाटला तरी तुम्ही तो निवडू शकणार नाही. म्हणजे अट उमेदवाराला जितकी बांधते तितकीच मतदारालाही बांधते. म्हणूनच जो कोणी नवी अट सुचवील, त्याने ती कशासाठी हवी हे आधी पटवून दिले पाहिजे.

निष्ठेची कसोटी

राष्ट्रप्रमुखाच्या पात्रतेविषयीच्या अटींत सर्वांत प्रसिद्ध अट अमेरिकेची आहे. १७८७ च्या घटनेनुसार तेथील राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असला पाहिजे, त्याचे वय किमान पस्तीस असले पाहिजे, आणि चौदा वर्षे त्याचे वास्तव्य त्या देशात झालेले असले पाहिजे. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात जॉन जे यांनी वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचविले होते, की राष्ट्रीय शासनात परकीयांच्या शिरकावास प्रतिबंध असावा आणि सेनेचे सरसेनापतिपद जन्मतः नागरिक असलेल्यालाच मिळावे. ही भीती त्या काळात निराधार नव्हती. पोलंडमध्ये राजा निवडून दिला जाई; त्या निवडणुकीत शेजारच्या सत्तांनी पैसा आणि फौजा यांच्या बळावर हस्तक्षेप केला, आणि १७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी त्या देशाचे लचके तोडले. नवजात प्रजासत्ताकाच्या गादीवर युरोपातील एखादा राजपुत्र येऊन बसेल, अशी शंका अमेरिकेतील पुढाऱ्यांना वाटली तर नवल नाही.

मात्र भीती गेली तरी अट मागे राहते. हेन्री किसिंजर यांचा जन्म जर्मनीतला आणि मॅडलिन ऑलब्राइट यांचा प्रागमधला. दोघांनीही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्रिपद भूषविले. राष्ट्राध्यक्षाची जागा अकस्मात रिकामी झाल्यास ती ज्या क्रमाने भरावयाची, त्या क्रमात हे पद बरेच वर आहे. तरीही या दोघांना वगळूनच तो क्रम मोजावा लागला असता. देशाच्या परराष्ट्र धोरणाची सूत्रे ज्यांच्या हाती विश्वासाने दिली, त्यांच्या निष्ठेविषयी घटना मात्र साशंक राहिली.

आपल्या घटनाकारांनी ही अट घेतली नाही. १९४९ साली देश नुकताच फाळणीतून गेला होता. लाहोर, कराची, सियालकोट येथे जन्मलेली लक्षावधी माणसे निर्वासित म्हणून इकडे आली होती आणि घटनेच्या सहाव्या कलमाने ती भारताची नागरिक झाली. इंद्रकुमार गुजराल यांचा जन्म झेलमचा, मनमोहन सिंग यांचा गाह या खेड्यातला, लालकृष्ण अडवाणी यांचा कराचीचा. ही तिन्ही गावे आज पाकिस्तानात आहेत. अविभक्त भारतातला जन्म ग्राह्य धरावा असे म्हटले, तरी प्रश्न सुटत नाही. घटनेच्या नागरिकत्वविषयक कलमांत अविभक्त भारत ठरविताना १९३५ च्या कायद्यातील व्याख्या आधाराला घेतली आहे, आणि त्या व्याख्येत पोर्तुगीज अमलाखालील गोवा बसत नव्हता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने तेथील जनतेस भारतीय नागरिकत्व लाभले. १९७५ साली सिक्कीम भारतात आले, तेव्हाही तसाच आदेश काढावा लागला. मडगावात किंवा गंगटोकला जन्मलेल्या वृद्ध नागरिकाला तू जन्मतः भारतीय आहेस काय असे विचारणारी अट आपल्या देशाच्या घडणीशीच विसंगत ठरली असती.

हा वाद येथे उपस्थित झाला नाही असे नाही. १९९९ मध्ये विदेशी जन्माच्या प्रश्नावरून काँग्रेस पक्षात फूट पडली आणि शरद पवार, पूर्णो संगमा व तारिक अन्वर यांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली. तो वाद प्रामुख्याने पंतप्रधानपदाविषयी होता. न्यायमूर्ती वेंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखालील घटना पुनर्विलोकन आयोगाने २००२ च्या अहवालात राष्ट्रपतिपदासह उच्च पदांच्या बाबतीत या प्रश्नाचा राजकीय प्रक्रियेतून आणि राष्ट्रव्यापी विचारविनिमयातून सखोल विचार व्हावा, एवढेच सुचविले. घटनादुरुस्ती झाली नाही. आणि ज्यांना हा आक्षेप महत्त्वाचा वाटला, त्यांना तो मतदारांपुढे मांडण्याची पूर्ण मोकळीक राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते या आक्षेपाची योग्य जागा तीच आहे.

वयाची अट आणि लाभाचे पद

पस्तीस वर्षांच्या अटीविषयी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट चटकन जाणवेल. साखरेचा भाव बाजारात चाळीस रुपये असताना सरकारने कमाल भाव साठ रुपये ठरविला, तर त्या नियंत्रणाचा बाजारावर काहीही परिणाम होत नाही. राष्ट्रपतींच्या वयाची अट अशीच आहे. १९५० पासून आजवर चौसष्ट वर्षांहून कमी वयाची एकही व्यक्ती या पदावर आलेली नाही. १९७७ साली नीलम संजीव रेड्डी आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मू, दोघेही चौसष्टाव्या वर्षी या पदावर आले. मग ही अट ठेवलीच का? अमेरिकेच्या घटनेचे समर्थन करताना जॉन जे यांनी दिलेले कारण येथेही लागू पडते. मनुष्याविषयी लोकांचे मत बनण्याइतका काळ त्याने सार्वजनिक जीवनात काढलेला असावा. केवळ वडिलांच्या पुण्याईवर कोणी कोवळ्या वयात सर्वोच्च पदावर जाऊन बसू नये. इतर देशांनी हीच रेघ आपापल्या समजुतीप्रमाणे ओढली आहे: जर्मनीत चाळीस, पाकिस्तानात पंचेचाळीस, इटलीत पन्नास.

लाभाच्या पदाची अट मात्र खऱ्या अर्थाने कामाची आहे. ज्याचा पगार, बढती आणि बंगला शासनाच्या हाती आहे, तो शासनाला सबुरीचा सल्ला कसा देणार? म्हणून घटनेने अशा मनुष्याला दाराबाहेर ठेवले. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल आणि मंत्री यांना अपवाद केला, कारण अनुभवी उमेदवार बहुधा तेथूनच येणार. २००७ मध्ये जळगावच्या प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या, त्या राजस्थानच्या राज्यपालपदावरून. परंतु या अटीचीही धार कोठे लागेल याचा नेम नसतो. २०१२ साली प्रणव मुखर्जी यांच्या निवडीला संगमा यांनी आव्हान दिले, ते मुखर्जी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते या मुद्द्यावर. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या डिसेंबरात ही याचिका फेटाळली, पण पाच न्यायमूर्तींपैकी दोघांचे मत वेगळे पडले. अट जितकी संदिग्ध, तितका निर्णय मतपेटीतून न्यायालयाकडे सरकतो, हा त्यातला धडा.

पदाचे काम आणि अटीचा माप

पात्रतेची अट रास्त आहे की नाही हे ठरविण्याचा एक साधा मार्ग आहे. त्या पदाने करावयाच्या कामातून ती अट निघते काय, हे पाहावे. सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९९१ च्या घटनादुरुस्तीने तेथील राष्ट्राध्यक्ष जनतेने थेट निवडावा असे ठरले आणि पूर्वीच्या सरकारांनी साठविलेल्या गंगाजळीला हात लावण्यास त्याची संमती आवश्यक झाली. तिजोरीची दुसरी किल्ली ज्याच्या हाती द्यावयाची, त्याला मोठ्या रकमांचा व्यवहार कळला पाहिजे, हे ओघानेच आले. म्हणून खाजगी क्षेत्रातून येणाऱ्या उमेदवाराने मोठ्या कंपनीचे प्रमुखपद सांभाळलेले असावे अशी अट आहे; २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्या कंपनीचे भागधारकांचे भांडवल किमान पन्नास कोटी सिंगापूर डॉलर असावे लागते. अट कामाशी सुसंगत आहे यात शंका नाही. परंतु तिची किंमतही मोजावी लागली. २०१७ मध्ये, निवडणूक मलय समाजासाठी राखीव असताना, एकच उमेदवार पात्र ठरला आणि हलीमा याकूब मतदानाशिवाय निवडून आल्या. चाळणी इतकी बारीक झाली, की मतदारांना निवडायला काही उरले नाही.

याच्या अगदी उलट टोकाला म्यानमारची २००८ ची घटना आहे. ज्याचे आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले परकीय नागरिक आहेत, तो राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, असे तिने ठरविले. आंग सान स्यू ची यांचे दिवंगत पती ब्रिटिश होते आणि मुलगे ब्रिटिश नागरिक आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा अंगरखा कोणाच्या मापाने शिवला होता हे सांगावे लागत नाही. २०१५ मध्ये त्यांचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला, तरी त्यांना राष्ट्राध्यक्ष होता आले नाही. दुसरे पद निर्माण करून मार्ग काढावा लागला. अट सर्वांसाठी असल्याचा आव आणून एकालाच रोखते, तेव्हा ती डाव होते.

पदवीचा मोह

आता शिक्षणाच्या अटीकडे वळू. सुशिक्षित वर्गाला ही अट सर्वांत अधिक भावते आणि म्हणूनच तिच्याविषयी अधिक सावध राहावयास हवे. तिला थोर पाठिंबाही आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीच्या समारोपाच्या भाषणात राजेंद्रप्रसादांनी खंत व्यक्त केली होती, की कायदा राबविणाऱ्यांकडून आपण उच्च पात्रतेची अपेक्षा करतो, आणि तो करणाऱ्यांसाठी मात्र निवडून येण्यापलीकडे काही पात्रता ठरविलेली नाही. स्वतः राजेंद्रबाबू विद्वान होते. त्यांच्यानंतर राधाकृष्णन आणि झाकीर हुसेन यांच्यासारखी व्यासंगी माणसे या पदावर आली. मग पदवीची अट घालण्यात वावगे काय?

उत्तर इतिहासाने दिले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी करणारे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद हे केंब्रिजला शिकलेले बॅरिस्टर होते. मंत्रिमंडळाने या घोषणेचा विचार केला आहे काय, हा प्रश्न त्या रात्री आडवा आला नाही. मंत्रिमंडळाला ती बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. उलट, ज्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती आणि ज्यांच्यावर इतर बाबतींत पुष्कळ टीका झाली, त्या झैलसिंग यांनी नागरिकांची पत्रे उघडण्याचा व्यापक अधिकार सरकारला देणारे १९८६ चे टपाल विधेयक स्वाक्षरी न करता तसेच ठेवून दिले, आणि ते कधीच कायदा बनले नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी मंत्रिमंडळाकडे फेरविचारासाठी परत पाठविली. नारायणन उच्चशिक्षित होते हे खरे. पण तसे अहमदही होते.

आणीबाणीनंतर देशाने जो उपाय केला, तोही ध्यानात घेण्याजोगा आहे. राष्ट्रपती अधिक शिकलेला असावा असे कोणी ठरविले नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने असे ठरले, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविल्यावाचून राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित करू नये. शिवाय सल्ला एकदा परत पाठविण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत देण्यात आला. नारायणन यांनी १९९७ मध्ये वापरला तो हाच. सुधारणा कार्यपद्धतीत झाली आणि ती टिकली.

पदवीच्या मोहाचे फळ वरच्या पायरीवर दिसत नाही. ते खालच्या पायरीवर दिसते. २०१५ मध्ये हरियाणाने पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांसाठी शिक्षणाची अट घातली: सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रिया व अनुसूचित जातींचे उमेदवार यांना आठवी, काहींना पाचवी. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा कायदा वैध ठरविला. राजस्थानने तशीच अट २०१४ च्या अखेरीस आणली होती. ती २०१९ मध्ये रद्द केली. परिणामी चमत्कारिक चित्र निर्माण झाले. ज्या स्त्रीला शाळेत पाठविण्याचे कर्तव्य समाजाने आणि शासनाने पार पाडले नाही, ती कायद्याप्रमाणे राष्ट्रपतिपदाची उमेदवार होऊ शकते, पण आपल्या गावची पंच होऊ शकत नाही. शाळा न काढल्याचा दंड शाळा न मिळालेल्याने भरावयाचा, हा न्याय कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही.

खरा उंबरठा कोठे आहे?

घटनेतील अटी अशा मोजक्या असल्या, तरी राष्ट्रपतिपदाचा उंबरठा ठेंगणा आहे असे मानण्याचे कारण नाही. तो घटनेत दिसत नाही, कारण तो १९५२ च्या निवडणूक कायद्यात आहे आणि दोनदा उंच केला गेला आहे.

पहिल्या निवडणुकीत एक सूचक आणि एक अनुमोदक मिळाला की उमेदवारी अर्ज भरता येई. १९५२ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या विरुद्ध उभे राहिले ते प्रा. के. टी. शहा. हे मुंबई विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे चिटणीस आणि घटना समितीतील जागरूक सभासद. राष्ट्रपती प्रौढ मतदारांनी थेट निवडावा अशी दुरुस्ती त्यांनी समितीत मांडली होती. निकाल ठरलेलाच होता. राजेंद्रबाबूंना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले आणि शहा यांना ९२,८२७. पण एकूण मतांच्या सुमारे पंधरा टक्के मते एका स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला पडली आणि नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच निवडणुकीत खरीखुरी लढत झाली.

या मोकळिकीचा गैरफायदाही घेतला गेला, हे नाकारता येणार नाही. १९६७ मध्ये सतरा उमेदवार होते आणि त्यांपैकी नऊ जणांना एकही मत पडले नाही. हौशी उमेदवारांना आवरण्यासाठी १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि अडीच हजार रुपये अनामत अशी तरतूद झाली. १९७७ मध्ये आलेल्या सदतीस उमेदवारी अर्जांपैकी छत्तीस फेटाळले गेले आणि रेड्डी बिनविरोध निवडून आले. १९९७ मध्ये ही संख्या पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक, तर अनामत पंधरा हजार रुपये झाली. त्या वर्षी शिवसेनेच्या पाठिंब्याने उभे राहिलेले माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांची अनामत जप्त झाली. २०२२ मध्ये एकूण मतदार ४,८०९ होते. त्यांतील शंभर जणांच्या सह्या, म्हणजे शेकडा दोनहून किंचित अधिक, मिळविल्यावाचून अर्जच ग्राह्य धरला जात नव्हता. शंभराहून अधिक अर्ज आले आणि मतदान झाले ते दोन उमेदवारांत.

अनामत आणि सह्या यांत सह्यांची अट अधिक न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. अनामत खिसा तपासते, सही पाठिंबा तपासते. पण प्रवेशाची अट कोण घालतो हेही पाहावे लागते. परवाना पद्धतीच्या काळात धंद्यात आधीच बसलेले कारखानदार गुणवत्तेच्या नावाखाली नव्यांना परवाने मिळू नयेत म्हणून खटपट करीत. सह्यांची संख्या ठरविणारे आणि सह्या देणारे हे एकाच पक्षसंस्थेतील लोक आहेत. शंभर आमदार-खासदारांच्या सह्या पक्षाच्या आदेशाशिवाय मिळणे दुरापास्त आहे, आणि के. टी. शहा यांच्यासारख्या माणसाला आज अर्ज भरणेही जवळजवळ अशक्य आहे. शून्य मते घेणारे नऊ हौशी रोखताना आपण दहावा विचारवंतही रोखला. पंचवीस सूचक आणि पंचवीस अनुमोदक एवढी संख्या हौशांना आवरण्यास पुरेशी आहे. त्याहून उंच उंबरठा केवळ मोठ्या पक्षांच्या सोयीचा आहे.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना सांगितले होते, की राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करीत नाही. अशा पदासाठी अटी थोड्या ठेवल्या, कारण निवडीचा भार लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर टाकला. तो भार त्यांनी पेलावा, ही मागणी करण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो त्यांच्या खांद्यावरून काढून कायद्याच्या कलमावर ठेवण्याने आपले काही साधणार नाही.

द्रौपदी मुर्मू या ओडिशाच्या पाटबंधारे खात्यात कनिष्ठ साहाय्यक होत्या आणि पुढे रायरंगपूरच्या शाळेत शिक्षिका. लिपिक आणि शिक्षक या दोन्ही पेशांतून गेलेली व्यक्ती राष्ट्रपती झाली, तेव्हा घटनेने त्यांच्याकडे ना टंकलेखनाचे प्रमाणपत्र मागितले, ना अध्यापनाची पदविका. ते पाहणे मतदारांचे काम होते. ५८ वे कलम आहे तसेच असू द्यावे. आणि दुरुस्तीच करावयाची असेल, तर ती १९५२ च्या कायद्यातील सह्यांच्या संख्येत करावी.